बँडचं 'चरित्र' असतं का?

टिपकागद:
एका दिवाळी अंकासाठी सॅम मेंडिस या दिग्दर्शकावरचा लेख मराठीत आणते आहे. 'स्कायफॉल' (२०१२) आणि 'स्पेक्टर' (२०१५) हे दोन बाँडपट करणारा हा माणूस आता बीटल्सवर एकदम चार चित्रपट करतोय. चारही एप्रिल २०२८ मध्ये येणार असं जाहीर झालंय. मी लिहिलं, 'हेरपटांच्या मालिकेनंतर मेंडिस वळले ते बँडच्या चरित्रपटांकडे.' संपादकांनी 'मालिका' खोडून 'शृंखला' केलं, कारण मालिका म्हटलं की टीव्ही आठवतो. आणि 'बँडचे चरित्रपट' चालणार नाही म्हणाले. चरित्र माणसाचं असतं, बँडचा इतिहास असतो. मला पटत नाही, पण का ते धड सांगता येत नाही. मजकूर सोमवारी छपाईला जातोय.

जुनी वही:
शृंखला कृपा करून ठेवू नका. मराठीत शृंखला म्हणजे बेडी. 'पारतंत्र्याच्या शृंखला' आपण शाळेच्या भाषणांत तोडत आलो. चित्रपटांची शृंखला हिंदीतून आली आहे. मालिका क्रिकेटचीही असते, तिथे कुणाचा गोंधळ होत नाही.

ओसरी:
चरित्राबद्दल मी संपादकांच्या बाजूने. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी शहरावर पुस्तक लिहिलं, नाव 'मुंबईचे वर्णन'. 'मुंबईचे चरित्र' नव्हे. चरित्र हे 'चर्' धातूवरून, म्हणजे चालणं, वागणं. जो वागतो त्याचं चरित्र. बँड वागत नाही, बँडमधली माणसं वागतात.

कोल्हापुरी चप्पल:
मग 'गाव वाळीत टाकतं' हे कसं चालतं हो? गाव वागतंच की. आमच्या आज्जीच्या तोंडी 'त्या घराचं चरित्रच तसलं' हे वाक्य रोज असायचं. घरातल्या एका माणसाचं नव्हे, आख्ख्या घराचं.

ओसरी:
आजींना 'चारित्र्य' म्हणायचं असेल. ते वेगळं.

कोल्हापुरी चप्पल:
आज्जीला काय म्हणायचं होतं ते मला म्हाईत आहे. तिला त्या घराच्या चार पिढ्यांची हकिकत म्हणायची होती.

जुनी वही:
'लीळाचरित्र' बघा. चरित्र चक्रधरस्वामींचं, पण त्यात बाईसा आहेत, नागदेव आहेत, सगळा परिवार बोलतो-वावरतो. उलट महिपतींनी अनेक संतांच्या कथा एकत्र केल्या तेव्हा नाव दिलं 'भक्तविजय'. म्हणजे अनेकांची गोष्ट सांगताना त्यांनाही वेगळा शब्द लागला. उदाहरण दोन्ही बाजूंनी लागतं, हे मान्य करतो.

रेकॉर्डवाला:
शब्द बाजूला ठेवून मुळात चित्रपट कसे आहेत ते बघा. चौघांपैकी प्रत्येकाच्या नजरेतून एक चित्रपट अशी आखणी आहे. पॉल मेस्कल मॅकार्टनी, हॅरिस डिकिन्सन लेनन, जोसेफ क्विन हॅरिसन आणि बॅरी किओगन रिंगो. म्हणजे मेंडिसने तुमचा वाद आधीच सोडवलाय: चार माणसं, चार चरित्रपट. 'बँडचे' ऐवजी 'बीटल्समधल्या चौघांचे' लिहा.
आणि 'हेरपटांनंतर वळले' हे वाक्य मला खटकतं. मध्ये '१९१७' येऊन गेला, तो पहिल्या महायुद्धाचा. शिवाय बाँड आणि बीटल्स ही दोन टोकं नाहीतच. पहिला बाँडपट लंडनमध्ये झळकला आणि बीटल्सची 'लव्ह मी डू' ही तबकडी बाजारात आली तो दिवस एकच, ५ ऑक्टोबर १९६२. १९७३ च्या बाँडपटाचं शीर्षकगीत मॅकार्टनीचं. १९७७ च्या बाँडपटाची नायिका बार्बरा बाख पुढे रिंगोची बायको झाली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र हॅरिसन येतो. जानेवारी १९६८ मध्ये त्याने आपल्या मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत इथले वादक घेऊन ध्वनिमुद्रण केलं. बीटल्सच्या ऋषिकेशवारीचं सगळ्यांना ठाऊक असतं, मुंबईचं कुणी काढत नाही. त्या वादकांचं चरित्र कोण लिहिणार?

टिपकागद:
'बीटल्समधल्या चौघांचे' चांगलं आहे. पण लेखात पुढे क्वीन या दुसऱ्या बँडवरच्या चित्रपटाचाही उल्लेख आहे. तिथे पुन्हा अडणार.

ओसरी:
तिथे चित्रपटाचा जीव त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यात आहे. चरित्रपट म्हणा, मर्क्युरीचा.

मांडवीकाठ:
सरळ 'बायोपिक' लिहा ना. इंग्रजीतही तो जोडशब्दच आहे. वाचक तोच बोलतो.

जुनी वही:
'चरित्रपट' असताना कशाला? बोलपट, माहितीपट, लघुपट, तमाशापट... 'पट' हा आपल्याकडचा सगळ्यात कामसू प्रत्यय आहे. 'बाँडपट'सुद्धा आपण सहज करून टाकला. मला हा शब्द फार आवडतो. खटकतो तो 'गुप्तहेर'. हेर म्हटलं की गुप्त आलंच. टिपकागद यांनी 'हेरपट' लिहिलं त्याबद्दल आभार.

कोल्हापुरी चप्पल:
हेर हेरतो म्हणून हेर. आमच्याकडे शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे, ते हेरांचं गाव असणार.

ओसरी:
पुरावा?

कोल्हापुरी चप्पल:
नाव हाच पुरावा. आणि गंमत बघा, 'मराठी बखर' लिहिणारे र. वि. हेरवाडकर. हेर खबर आणतो, खबर उलटून बखर होते.

ओसरी:
'खबर'ची 'बखर' ही सुद्धा एक व्युत्पत्ती झाली. सगळ्यांना ती मान्य नाही. आणि सभासदाच्या बखरीला आपण बखर म्हणतो तरी ती एका माणसाचंच चरित्र सांगते.

मांडवीकाठ:
आणि 'भाऊसाहेबांची बखर' नाव एकाचं घेऊन आख्खं पानिपत सांगते! मग 'बँडची बखर' का नको?

टिपकागद:
बखर सुंदर आहे, पण चित्रपटाला कशी लावू? मुदत संपली म्हणून आत्ता पाठवलं: 'दोन बाँडपट करणारे मेंडिस आता बीटल्समधल्या चौघांचे चार चरित्रपट करत आहेत.' मालिकाही गेली, शृंखलाही गेली. क्वीनच्या जागी 'क्वीनवरचा चित्रपट' लिहिलं. वाक्य शुद्ध आहे, पण बँड त्यातून निसटला असं मला वाटत राहिलंय.

रेकॉर्डवाला:
निसटलाच. चौघे वेगवेगळे मांडले की बीटल्स उरत नाहीत. ते चित्रपटातही होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जुनी वही:
हेरावरून आठवलं. अरबी 'जासूस' मराठीत 'जासूद' झाला आणि पेशवेकाळात पत्रं पोचवू लागला. 'जासूदजोडी' पाठवली की समजायचं, दोघे पत्र घेऊन निघाले. हेराचा टपालवाला कधी आणि कसा झाला?

कोल्हापुरी चप्पल:
पत्र वाचल्याशिवाय कोण पोचवतंय!

ओसरी:
नाही, यावर नीट बोलू. बहिर्जी नाईकांच्या काळात हेरासाठी 'नजरबाज' हा शब्द होता. तो मराठीतून का गेला आणि जासूद का टिकला, इथून सुरुवात करायला हवी.