थायरॉईडची गोळी बंद झालेल्यांनो, आपापला अनुभव लिहा

आपल्याकडे कोणाला थायरॉईड निघाला की ऐकणारा लगेच सांगतो, "आता गोळी जन्मभर." हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते तो आजार) असेल तर बहुतेक वेळा आणि ऑपरेशनने सगळी ग्रंथीच काढली असेल तर नेहमीच ते खरं आहे. पण ग्रंथीला तात्पुरती सूज येते आणि पुढे ओसरते, असाही एक प्रकार आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची गोळी सुटते. माझी सुटली. चिपळुणात ओळखीपाळखीत चौकशी केली तर आणखीही निघाले. गोळी सुरू झाली की गावभर होतं, बंद झाली की कोणी विषयच काढत नाही.

म्हणून हा धागा. सूज कशामुळे आली, गोळी कुठल्या टप्प्यावर सुरू झाली, बंद कशी केली आणि नंतरचा टीएसएच किती, एवढं जरूर लिहा. (टीएसएच म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा संदेश: थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की तो चढतो, जास्त झालं की उतरतो.) "बरं वाटायला लागलं म्हणून सोडली" एवढंच असेल तर दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ग्रंथीत हार्मोनचा काही आठवड्यांचा साठा असतो. सूज आली की तो एकदम रक्तात उतरतो. कणगी फुटली की आधी अंगणभर भात दिसतं आणि मग घरात दाणा नसतो, तसं. पहिल्या टप्प्यात धडधड, घाम, हात थरथरणं, टीएसएच तळाला. नंतर साठा संपतो, टीएसएच चढतो, थकवा आणि बद्धकोष्ठ सुरू होतं. कमी पडलेलं हार्मोन भरून देणारी गोळी बहुधा इथे सुरू होते. पुढे ग्रंथी पुन्हा कामाला लागते, पण गोळी चालूच असल्यामुळे ते लक्षातच येत नाही. कोणीतरी मुद्दाम बघावं लागतं.

रत्नागिरीहून, शिक्षिका

गणपतीत घरभर सर्दी-ताप होता. सगळे बरे झाले, माझा गळा मात्र दुखतच राहिला. आतून नव्हे, पुढून, हात लावला तरी कळ यायची आणि ती जबड्यातून कानापर्यंत जायची. आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले, दाढ ठणठणीत निघाली. मग कान-नाक-घसा. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानेला बोट लावलं, मी ओरडलेच. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) भरपूर वाढलेला, टीएसएच जवळपास शून्य. त्यांनी सांगितलं, विषाणूच्या आजारामागून येणारी थायरॉईडची सूज आहे. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल आणि दुखण्यासाठी थोडे दिवस स्टेरॉईड दिलं. दोन दिवसांत मान वळायला लागली.

दिवाळीनंतर उलटं झालं. वर्गात फळ्यावर लिहिताना हात जड, वह्या तपासायला बसलं की डोळे मिटायचे. टीएसएच १८. तेव्हा ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. पण डॉक्टरांनी त्याच दिवशी केसपेपरवर "तात्पुरती, सहा महिन्यांनी फेरविचार" असं लिहून ठेवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण मधे आमची बदली होऊन डॉक्टर बदलले, आणि नव्या डॉक्टरांनी ती ओळ वाचूनच विषय काढला. शिमग्याला ५० ची २५ केली, सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासलं, नीट होतं म्हणून मे महिन्यात पूर्ण बंद. त्यानंतरचा टीएसएच २.८.

दापोलीहून

माझी बाळंतपणानंतरची. बाळ चार-पाच महिन्यांचं असताना केस पुंजक्याने जायला लागले आणि दुपारी उठवत नसे. माहेरी सगळ्यांचं एकच, "बाळंतपणात अंगातलं जातं गो, अळीव खा." अळिवाचे लाडू खाल्ले, डिंकाचेही खाल्ले. मला सगळे अशक्तच समजत होते. लसीकरणाला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आवाज बसलेला ऐकून टीएसएच करायला लावला. भरपूर वाढलेला. अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडीही पॉझिटिव्ह.

गोळी घेताना दूध पाजायचं का, यावर घरात मोठी चर्चा. पाजायचं. ही गोळी शरीरातल्याच हार्मोनसारखी आहे, बाळाला त्रास नाही. अंगावर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू होत्या, त्या चार तासांच्या अंतराने घ्यायच्या, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही.

बाळ वर्षाचं झाल्यावर मीच विचारलं, आता बंद करून बघूया का. डॉक्टरांनी आधी विचारलं, दुसऱ्याचा विचार आहे का? असेल तर आत्ता हात लावायचा नाही, गरोदरपणात टीएसएच वर गेलेला परवडत नाही. आमचा विचार नव्हता. मात्रा कमी करत बंद केली. सध्या टीएसएच ३ च्या आसपास. अँटीबॉडी आहेत म्हणून दरवर्षी तपासणी, आणि पुढे दिवस राहिले तर लगेच. हा आजार पुढच्या बाळंतपणात परत येऊ शकतो, हे नवऱ्यालाही सोबत बसवून ऐकवलं. घरात एकाच माणसाला माहीत असून चालत नाही.

देवगडहून, आंबा बागायतदार

माझी नाही सुटली. तेही इथे असावं म्हणून लिहितो. सूज येऊन गेली, डॉक्टरांनी सांगून गोळी थांबवली, हंगाम संपल्यावर रक्त दिलं तर टीएसएच १४. परत सुरू. थोड्या लोकांची ग्रंथी पूर्ण सावरत नाही, त्यात मी. सकाळी एक गोळी पाण्याबरोबर, बागेत एक चक्कर, मग चहा. त्यात रडण्यासारखं काय आहे?

मालवणहून

"रोज नुस्त्याचा जेवण जेवणाऱ्याक थायरॉईड होणा नाय" असं आमच्या गावात छातीठोकपणे सांगतात. मासळीत आयोडीन असतं हे खरं, पण सूज काही आयोडीन विचारून येत नाही. मला दुखलं अजिबात नाही, नुसती धडधड आणि वजन कमी. एका डॉक्टरांनी कार्बिमॅझोल, म्हणजे हार्मोन बनणं थांबवणारं औषध चालू केलं. वाडीतल्या एका नर्सताईंनी सुचवलं म्हणून दुसरीकडे दाखवलं, त्यांनी स्कॅन करून आणायला सांगितलं. घाट चढून कोल्हापूरला गेलो. स्कॅनसाठी दिलेलं औषध ग्रंथी काहीच ओढून घेत नव्हती. म्हणजे ती जास्त हार्मोन बनवत नव्हती, जुनाच साठा गळत होता. बनणं थांबवणाऱ्या औषधाचा अशा वेळी उपयोग नसतो. ते बंद झालं. नंतर टीएसएच थोडा वर जाऊन आपोआप खाली आला, मला दुसरी गोळी लागलीच नाही.

कुडाळहून, औषधाचं दुकान

काउंटरच्या या बाजूने दोन गोष्टी. पावसाळ्यात बाटलीतल्या गोळ्या काढून स्टीलच्या डबीत भरू नका. या गोळीला दमट हवा आणि ऊन दोन्ही चालत नाही, आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतसुद्धा ओली असते. आणि चार दिवस गोळी सोडून रक्त देऊन "बघा, नॉर्मल आलं" म्हणणारे खूप येतात. हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो आणि टीएसएच त्याच्याही मागून हलतो. सहा ते आठ आठवड्यांआधीचा रिपोर्ट बंद करण्याबद्दल काही सांगत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते लॅबला सांगा, त्याने आकडे खोटे येतात.

सावंतवाडीहून

माझ्या आईची गाठ होती म्हणून पूर्ण ग्रंथी काढली आहे. शेजारच्या काकी सांगतात काडेकिराईत (कडू झाडपाल्याचं औषध) घे, गोळी सुटेल. खरं आहे का?

चिपळूणहून (धागा काढणारी)

नाही. ग्रंथीच नाही तर हार्मोन बनवणार कोण? त्यांची गोळी एक दिवसही बंद करू नका. काकींना चहाला बोलवा, काडेकिराईत नको.

अलिबागहून

माझा मधला टप्पा चालू आहे. २५ ची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद केली आणि आता वाट बघणं. जरा पेंगलं की वाटतं, चढला टीएसएच. मग बघते तर या उकाड्यात सगळं घरच पेंगलेलं. सासूबाईंचे पाय सुजले तरी मी माझे बघते. सकाळी उठल्याबरोबर चहा प्यायची मोकळीक मात्र झकास आहे, अर्धा-पाऊण तास आधणाकडे बघत बसायला नको.

पहिला रिपोर्ट काल आला. टीएसएच ६.१, फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन) नॉर्मल. मी घाबरले होते. डॉक्टरांचं म्हणणं, ग्रंथी सावरताना थोडा वर दिसू शकतो, त्रास काही नाही, तर लगेच गोळी नको, दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा बघू. आधीच थकवा वाढला, थंडी वाजायला लागली, तर यायचं. कोणाचा असा मधला आकडा येऊन पुढे खाली आलाय का? किंवा वर गेलाय का, तेही सांगा.