दहावीचा निरोप: छापील स्मरणिका की हाताने लिहिलेला अंक?

शाईदौत

निरोप समारंभ जवळ आला की स्मरणिकेचा विषय निघतो आणि हल्ली तो दोन वाक्यांत मिटतो: डीटीपीवाल्याला फोटो पाठवा, आर्ट पेपरवर रंगीत छापून घ्या. माझं मत उलटं आहे. वर्गाने मागे वळून बघायचं तर स्वतःच्या अक्षरात बघावं. प्रत्येकाचं एक पान, वर्गाचा एक हस्तलिखित अंक. वाद व्हावा म्हणूनच इथे फोरमवर धागा काढलाय.

छापील अंकात ज्यांचे निबंध चांगले त्या दहा-बारा जणांचे लेख येतात. बाकीचे ग्रुप फोटोत उभे. हस्तलिखितात मागच्या बाकावरच्यालाही पान भरावंच लागतं.

पद्धत सोपी आहे. शिवलेली वही घरोघर फिरवू नका. ६४ मुलं, प्रत्येकाकडे एक रात्र म्हटलं तरी दोन महिने गेले. सुटे कागद वाटा. ए-फोर लेजर पेपर (हिशेबाच्या वह्यांचा जाड कागद), १०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम, लेखन एकाच बाजूला. डावीकडे ३० मिलिमीटर समास पेन्सिलीने आखून द्या, बाकी तिन्ही बाजूंना १५. फक्त बॉलपेन. जेलची शाई शेजारच्या पानावर उमटते, स्केचपेन मागे पाझरतं आणि काही वर्षांत फिकं पडतं. शुक्रवारी वाटायचे, पुढच्या शुक्रवारी गोळा. आठ-दहा कागद जादा ठेवा. कुणाच्या तरी पानावर चहा सांडतोच.

मुद्रितशोधक

सगळं मान्य, पण अंक एकच. तो जाणार कुठे? मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात. किल्ली शिपाईमामांकडे. ज्यांनी लिहिला त्यांना समारंभाच्या दिवशी अर्धा मिनिट हातात मिळणार, तेही "जपून रे" ऐकत. आठवण ज्याची त्याच्या घरी नको का?

छपाईचा हिशेब वाटतो तेवढा जड नाही. आकार ए-फाइव्ह धरा. ६४ मुलांची ६४ पानं, अधिक मनोगतं, शिक्षकांची यादी आणि फोटो यांची १६, एकूण ८०. ए-फोर कागदाला एक घडी घातली की चार पानं होतात, म्हणजे एका प्रतीला २० कागद. ७० प्रतींना १४०० कागद, तीन रिमांच्या आत. आतला मजकूर काळा-पांढरा ठेवा, रंग फक्त मुखपृष्ठाला. एवढ्या प्रतींसाठी ऑफसेटच्या वाटेला जाऊ नका, डिजिटलच करा. आणि आर्ट पेपर कशाला? चकाकतो, ट्यूबलाइटखाली वाचवत नाही, नि सह्या घ्यायला गेलं की शाई पुसली जाते. साधा, न चकाकणारा मॅपलिथो कागद घ्या.

चुका होतात त्या कागदात नव्हे, नावांत. शाळेच्या संगणकातली यादी बहुधा इंग्रजीत असते. डीटीपीवाला तीवरून मराठी करतो आणि काळेचा काले होतो, साठेचा साथे, डांगेचा दांगे. दहा ओळींचा लेख चुकला तर चालेल, स्वतःच्या स्मरणिकेत स्वतःचं आडनाव चुकलं तर ते पोरगं अंक पुन्हा उघडत नाही. यादी मराठी हजेरीपटावरून करा, वर्गात मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाची आपापल्या नावासमोर सही घ्या.

दुसरी नेहमीची चूक: मजकूर युनिकोडमध्ये टाइप होतो आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू केलेली नसते. मग पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. पडद्यावर घाईत लक्षात येत नाही. म्हणून 'विद्यार्थी', 'शिक्षक', 'ऱ्हस्व', 'ॲ' एवढंच असलेलं एक चाचणीपान आधी छापून बघा.

जुजबंदी

दोघांनीही बांधणीचा विचार केलेला नाही.

शाईदौत, सुटे ६४ कागद म्हणजे साधारण ८ मिलिमीटर जाडी. ते बाजूने टोचूनच शिवावे लागणार आणि तसा अंक सपाट उघडत नाही. ३० मिलिमीटर समास त्यासाठीच लागतो, पण मुलं तो पाळत नाहीत. चित्र काढताना हमखास आत शिरतात. नंतर झाडाचा अर्धा बुंधा शिवणीत गडप. समासाच्या जागी कागद आधीच दुमडून द्या, घडी दिसली की हात थांबतो. भोकं जाड सुईने पाच, कडेपासून १० मिलिमीटरवर, दोरा सुती आणि मेण लावलेला. स्टेपलरच्या पिना नकोत. कोकणात तर दोन पावसाळ्यांत गंजून पानाला तांबडे डाग पडतात.

फोटो चिकटवायचे असतील तर सेलोटेप विसरा. ती पिवळी पडते, सुकून गळते आणि डिंकाचा पट्टा मागे राहतो. फेव्हिकॉल पाण्यात थोडा पातळ करून फक्त चार कोपऱ्यांना. पूर्ण पाठीला लावलात तर पान पापडासारखं वळतं. घरची कणकेची खळ स्वस्त पडते, पण ती कसरीला आमंत्रण.

मुद्रितशोधक, २० कागद एकात एक घालून मध्ये पिन मारणार असाल तर मधली पानं बाहेर सरकतात. कडा कापून सरळ केल्या की मधल्या पानांचा बाहेरचा समास बाहेरच्या पानांपेक्षा तीन-चार मिलिमीटर कमी भरतो. पानाचे आकडे अगदी कडेला टाकलेले असतील तर ते उडतात. ८० पानं म्हणजे १६ पानांचे पाच जुज (घडी घालून एकात एक बसवलेल्या कागदांचे गठ्ठे). शिवून घ्या, अंक सपाट उघडेल.

वेळापत्रक

कागद-दोऱ्याआधी कॅलेंडर बघा. दहावीची लेखी परीक्षा २०२४ला १ मार्चला सुरू झाली, २०२५ला २१ फेब्रुवारीला. तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याआधी, २०२५ला ३ फेब्रुवारीपासून. जानेवारीत पूर्वपरीक्षा. मग ही स्मरणिका मुलं लिहिणार कधी? दरवर्षी तेच होतं: जानेवारीत टूम निघते, दोन हौशी मुली आणि मराठीच्या बाई राबतात, नि बाकीच्यांची पानं त्याच दोघी भरतात. माझं मत, दहावीच्या वर्षात हा घाटच घालू नये. एक ग्रुप फोटो, एक पेन आणि अल्पोपाहार, बास.

शाईदौत

आक्षेप वेळेवर असेल तर काम दिवाळीच्या सुट्टीआधी काढा. प्रथम सत्राची परीक्षा संपते त्या दिवशी कागद वाटायचे, सुट्टीनंतर गोळा. निरोपाची भाषणं फेब्रुवारीत होतात म्हणून आठवणीही फेब्रुवारीतच लिहाव्यात असं कुठे आहे? उलट ऑक्टोबरमध्ये गळा दाटलेला नसतो, बरं लिहून होतं.

परिपाठ

छापायचं की लिहायचं हा दुय्यम वाद आहे. पान कोरं देऊन "शाळेच्या आठवणी लिहा" म्हटलं तर ६४ पानांवर एकच मजकूर येतो: ते सोनेरी दिवस, ज्ञानमंदिर, पाखरं उडाली. हस्तलिखितात तोच मजकूर ६४ अक्षरांत, एवढाच फरक.

विषय देऊ नका, प्रश्न द्या. पाच पुरेत. खिडकीजवळचा बाक मिळाला होता का, तिथून काय दिसायचं? मधल्या सुट्टीत कुणाच्या डब्यावर आधी झडप पडायची, आणि डब्यात काय असायचं? परिपाठात दिनविशेष वाचताना काय चुकलं? ऑफ तासाला कोणते सर आले की वर्ग खूश व्हायचा? पाचवीत अवघड वाटलेली आणि आता हसू येणारी एक गोष्ट? उत्तरात एक वस्तू, एक जागा आणि एक माणूस आलाच पाहिजे. एका प्रश्नाला चार ओळी, वीस ओळींत पान भरतं.

आणि २०२६च्या दहावीच्या मुलांच्या बाबतीत तर जपून. ही मुलं पाचवीत आली ती जून २०२० मध्ये. हायस्कूलचं पहिलं वर्ष कोरोनामुळे बहुतांशी मोबाइलच्या पडद्यावर, सह्याद्री वाहिनीवर आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या गृहपाठात गेलं. पोषण आहाराची खिचडी नाही, कोरडे तांदूळ आणि डाळ घरी. सहावीत सगळे विनापरीक्षा. ४ ऑक्टोबर २०२१ला शाळा उघडल्या तेव्हाही ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग, शहरात आठवीपासूनचेच. म्हणजे शहरातल्या सहावीच्या मुलाला त्या दिवशीही शाळा दिसली नाही. अशांना "पाचवीतला पहिला दिवस" विचारलात तर ती दुसऱ्या कुणाचा तरी पहिला दिवस लिहितील. त्यांना विचारा: तासाला फोन कुणाचा असायचा, रेंज घराच्या कुठल्या कोपऱ्यात यायची, आणि वर्गमित्र प्रत्यक्ष दिसल्यावर कोण अपेक्षेपेक्षा उंच निघालं?

मुद्रितशोधक

प्रश्नांचं पटलं. पण हे छापायला जास्त सोयीचं आहे, हस्तलिखिताची बाजू यात कुठे आली? एका प्रश्नाची ६४ उत्तरं एका जागी लावता येतात. डब्यांचं एक पान, खिडक्यांचं एक पान. ते वाचायला खरी मजा.

परिपाठ

तेच नको. तसं लावलं की संपादक आला, आणि संपादक आला की निवड आली. 'बटाट्याची भाजी' वीस जणांची म्हणून तो वीसपैकी अठरा कापणार. मुलाला स्वतःचं पान हवं असतं, उतारा नव्हे.

गॅदरिंगवाला

शेलापागोटे घेणार की नाही ते बोला. फिशपाँडशिवाय निरोप म्हणजे अळणी आमटी.

जुजबंदी

स्टेजवर म्हणा, छापू नका. बोललेलं हशात विरतं, छापलेलं जाडेपणावरचं यमक दहा वर्षांनी लग्नाच्या स्थळाकडे पोचतं.

मुद्रितशोधक

अगदी सहमत, बहुधा या धाग्यावर एवढ्यापुरताच. घ्यायचेच तर नियम ठेवा: रंग, शरीर, जात, जोड्या लावणं आणि मार्क यांवर एक शब्द नाही. सवयींवर हवं ते. ज्याच्यावर ओळ आहे त्याने आधी वाचायची आणि हो म्हणायचं. जन्मतारीख आणि मोबाइल नंबर छापायची पद्धत बंद करा, विशेषतः पीडीएफ ग्रुपवर टाकणार असाल तर. २०२३चा विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. फोटोंसाठीही लेखी घेऊन ठेवलेली बरी.

कॅमेरा_गळ्यात

ग्रुप फोटोबद्दल. १५ जणांच्या चार-पाच रांगा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की फोटोची लांबी १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. भागिले १५, प्रत्येकाच्या वाट्याला शंभरेक पिक्सेल, त्यात चेहरा पन्नासचा. डोळे म्हणजे दोन ठिपके. मूळ फाइल ६००० पिक्सेल रुंद असेल तर त्याच चेहऱ्याला दोनशेच्या घरात मिळतात. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. छापताना ३०० डीपीआय, म्हणजे १० सेंटिमीटर रुंदीला साधारण १२०० पिक्सेल.

फोटो सकाळी प्रार्थनेनंतर लगेच काढा. बारा वाजता उन्हात उभं केलं तर भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. इमारतीच्या सावलीत, सगळेच सावलीत. अर्धी रांग उन्हात आली की तिचे शर्ट पांढरे फटक आणि उरलेल्यांचे चेहरे काळे.

शाईदौत

मुद्रितशोधकांचा कपाटाचा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून इतकंच बदलतो: शिवण्याआधी पानं स्कॅन करायची. सपाट काचेच्या स्कॅनरवर ३०० डीपीआय, रंगीत. पेन्सिलीची चित्रं असतील तर ४००. फोनने करू नका, हाताची सावली येते. फाइलला 'स्कॅन१' नाव न देता हजेरी क्रमांक द्या. मग ज्याला हवं त्याने पीडीएफवरून छापून घ्यावं.

मुद्रितशोधक

म्हणजे शेवटी छपाईच की.

शाईदौत

छपाई अक्षराची, टंकाची नव्हे. फरक आहे.

वेळापत्रक

क्रम कसा लावणार? हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. पाचवीत ज्याचा १२ होता त्याचा दहावीत ३१ असतो.

परिपाठ

जनरल रजिस्टरचा नंबर धरा, तो शाळा सोडेपर्यंत बदलत नाही. आणि रजिस्टर उघडलंच आहे तर मध्येच दाखला घेऊन गेलेल्यांची नावंही उतरवा. वडिलांची बदली झाली, ऊसतोडीला गेले, गाव सोडलं. पाचवीत बाक वाटून घेतलेली चार-सहा पोरं प्रत्येक वर्गात अशी असतात आणि एकाही स्मरणिकेत नसतात. त्यांच्या नावाचं एकेक पान ठेवा, शेजारी बसणाऱ्याने भरायचं.

मुद्रितशोधक

मग ६४ नाही, ७० धरा. माझी ८० पानं ८६ झाली. चारच्या पटीत ८८.

जुजबंदी

८८ करू नका. अर्धा जुज शिवताना ढिला राहतो. ९६ करा, सहा जुज. उरलेली दहा पानं कोरी सोडा, सह्यांना लागतात.