'पॉट-बेलीड'मधला 'पॉट' दारूचा की चुलीवरचा?

अक्षरवेडा:
ढेरपोट्या माणसाला इंग्रजीत 'पॉट-बेलीड' म्हणतात. शब्द १७व्या शतकातला. माझ्या मते यातला पॉट म्हणजे बिअरचं भांडं. पिऊन शूर होणाऱ्यासाठीचा 'पॉट-व्हॅलियंट' हा शब्दही त्याच शतकातला. शेक्सपिअरच्या १५९८ साली छापलेल्या 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात राजपुत्र लठ्ठ फॉल्स्टाफला 'टन ऑफ मॅन' म्हणतो, म्हणजे दारूचं पिंपच. सुटलेलं पोट दिसलं की इंग्रजाला दारूचं भांडं आठवायचं, हे उघड आहे.

समासप्रेमी:
अजिबात पटलं नाही. आधी विग्रह करा: पॉटसारखं पोट आहे ज्याचं तो. सरळ बहुव्रीहि, घटोदरसारखा. अशा समासांना युरोपातले भाषाशास्त्रज्ञसुद्धा 'बहुव्रीहि'च म्हणतात, नाव आपल्या व्याकरणातून घेतलेलं. आता याच्या भावंडांकडे बघा. 'बॅरल-चेस्टेड' म्हणजे पिंपासारखी छाती, 'बो-लेग्ड' म्हणजे धनुष्यासारखे पाय. पहिलं पद आकार सांगतं, कारण सांगत नाही. कारण सांगायचं तेव्हा इंग्रजीने 'बिअर बेली' असा वेगळा शब्द केलाच की! आणि फॉल्स्टाफचंच म्हणाल, तर त्याच नाटकात तो स्वतः वाटसरूंना 'गॉरबेलीड' म्हणतो. पोटासाठीचा तो जुना शब्द, त्यात भांडं नाही नि दारूही नाही.

रानवाट:
मी कुपोषित मुलांमध्ये काम केलंय. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा. डॉक्टरी इंग्रजीत त्या पोटालाही 'पॉट-बेली'च म्हणतात. त्या लेकरांच्या पोटात अन्न नाही, दारू कुठून येणार? व्हिएतनामी डुकरांची एक जात याच नावाने ओळखली जाते. कृपा करून या शब्दाला पिण्याचा डाग लावू नका.

अक्षरवेडा:
रानवाट, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण शब्द नंतर कुणाकुणाला लागू झाला, यावरून तो जन्मला कसा हे ठरत नाही. 'पॉट-व्हॅलियंट'मध्ये पॉट हे कारणच आहे ना? समासप्रेमी, त्याचं काय?

समासप्रेमी:
तिथे दुसरं पद 'शूर' हे विशेषण आहे. विग्रह होतो 'पॉटमुळे शूर', म्हणजे तृतीया तत्पुरुष. समासच वेगळा, म्हणून तो दाखला इथे चालत नाही.

चाकावरची माती:
आमच्या घरी कुंभारकाम चालायचं. घागरीला तोंड, गळा, पोट, बूड असतं, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. इंग्रज कुंभारही भांड्याच्या फुगीर भागाला 'बेली'च म्हणतो. माणसाने आधी आपलं पोट मडक्याला दिलं, मग मडकं पोटाला. मडक्यात पाणी होतं की दारू, हे आकाराला कुठे कळतं?

अक्षरवेडा:
घागरीचा मुद्दा मान्य. तरी पिंपावरचा माझा हक्क मी सोडत नाही. 'टन ऑफ मॅन' म्हणताना राजपुत्राच्या मनात नुसता आकार होता, हे मला कुणी पटवून द्या.