वाघ दिसला नाही तरी चालेल, पण हसू आणणारे विचित्र प्राणी जवळपास कुठे पाहावेत?

शरयू, डोंबिवली (प्रश्न)

नमस्कार. जूनच्या आरंभी आम्ही ताडोब्याला जाऊन आलो. वाघ दिसला नाही, त्यामुळे जिप्सीतील बहुतेक मंडळी परतताना पैसे बुडाल्यासारखी गप्प होती. सहावीत शिकणारा आमचा मुलगा मात्र मुक्कामाच्या जागी फाटकापाशी सापडलेल्या एका शेणकिड्यावर बेहद्द खूश होता. डोके खाली आणि मागचे पाय वर अशा अवस्थेत तो किडा शेणाचा गोळा उलटा ढकलत होता, गोळा उतारावरून घरंगळला की त्याच्यासकट कोलांटी खात होता आणि पुन्हा उठून कामाला लागत होता. मुलगा हसून हसून लोळला.

माझे दोन प्रश्न आहेत. महागडा कॅमेरा किंवा लांबचा प्रवास न करता, ठाणे, पुणे, सातारा या पट्ट्यात असे गमतीशीर प्राणी कुठे पाहता येतील? आणि दुसरे असे की, प्राण्यांना हसणे म्हणजे त्यांना खेळणे समजणे, असे माझ्या नणंदबाईंचे म्हणणे आहे. त्यामुळे मुलाला आधी शास्त्रीय कारण सांगावे की आधी मनसोक्त हसू द्यावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

खाडीकाठ

शरयूताई, आपण डोंबिवलीत राहता, म्हणजे गंमत दाराशीच आहे. ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या चिखलावर निवटे बाहेर येतात. आगरी-कोळी घरांत निवट्यांचे कालवण सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ताटात येण्यापूर्वीचा निवटा फार थोड्यांनी निरखून पाहिलेला असतो. हा मासा पाण्याबाहेर छातीवरच्या दोन परांवर भार टाकत चिखलातून पुढे रेटत जातो, मध्येच शेपटीच्या झटक्याने उडी मारतो आणि पुन्हा काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने बसून राहतो. डोळे अगदी माथ्यावर असतात. त्यातला एखादा तो अधूनमधून खोबणीत आत ओढून घेतो आणि क्षणात वर काढतो, तेव्हा महाशयांनी आपल्याला डोळा मारला असेच वाटते. प्रत्यक्षात पापणीचे काम त्या खोबणीने उचललेले असते, कारण तिच्यातल्या ओलाव्यात बुडवून तो डोळा सुकू देत नाही. चिखलात कुशीवर लोळण्याचेही कारण तसेच आहे. पाण्याबाहेर असताना तो ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून प्राणवायू घेतो, म्हणून अंग सुकणे त्याला परवडत नाही. दोन नरांची हद्दीवरून जुंपली की दोघे समोरासमोर येऊन पाठीवरचा पर उभारतात आणि जबडा ताणून एकमेकांना तोंडाची आतली बाजू दाखवत राहतात. बरीचशी भांडणे एवढ्यावरच मिटतात.

त्याच चिखलात एक नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे दिसतील. ही नांगी फक्त नरालाच असते आणि ती हलवून तो मादीला बोलावतो, इतर नरांना धमकावतो. खाण्याच्या कामी तिचा काडीचाही उपयोग नाही. मादी दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने चिखल तोंडात घालत असताना नराला एकाच बारीक नांगीने घास घ्यावा लागतो. यातल्या काही जातींत भांडणात तुटलेली मोठी नांगी पुन्हा उगवते ती हलकी आणि कमजोर असते, पण लांबीला कमी नसते. तिच्या जोरावर तो पूर्वीसारखाच ऐटीत हात हलवतो आणि हा बनाव पुष्कळदा खपूनही जातो. माझ्या मते हसण्यासारखी खरी गोष्ट ही आहे, आणि ती कारण कळल्यावरच हसण्यासारखी होते.

म्हणून माझे उत्तर असे की, आधी पाहू द्यावे, मग तो असे का करत असेल हे मुलालाच विचारावे आणि त्याचे तर्क संपल्यानंतर कारण सांगावे. ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथे जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तशी ओहोटीही खोलवर जाते आणि चिखल जास्त उघडा पडतो. चिखलात मात्र उतरू नये, पाय रुतला की निघत नाही. साधी दुर्बीण पुरेशी आहे.

पठारी सातारकर

आमच्याकडे यायचे असेल तर पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये यावे. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचे पठार आहे. तेथील पंखागळ्या सरड्याची 2016 साली विज्ञानाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. विणीच्या काळात नर एखाद्या उंच दगडावर चढतो, छाती काढून उभा राहतो आणि गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी कातडी पंख्यासारखी उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. शेजारच्या दगडावरचा दुसरा नरही तेच करत असतो. मला ते पाहून दरवेळी आमच्या गावच्या निवडणुकीतील समोरासमोरच्या सभा आठवतात.

एक गोष्ट मुलाला अवश्य दाखवावी. या पठारावर पवनचक्क्या आहेत. तेथे झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आहेत आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली आहे. तेथील सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देतात, मात्र गर्दीमुळे खाण्याची स्पर्धा वाढून ते अंगाने बारीक राहतात आणि नरांचे रंगही फिके पडतात. तेव्हा पात्यांखालचा सरडा धीटपणे बसून राहिला, तर तो आपल्याला फोटो देत आहे असे समजू नये. वरून झडप घालणारे कमी झाल्याने त्याचा धाक गेला आहे. पठारावर गाडी रस्ता सोडून घालू नये, एवढे मात्र कळकळीने सांगतो.

वि. दा.

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरीही नणंदबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, असे मला वाटते. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत गुदगुल्या केल्यावर दोन्ही हात वर करणारे एक मोठ्या डोळ्यांचे गोंडस माकडासारखे जनावर आपण पाहिले असेल. तो लाजाळू वानर. आपल्या देशात तो ईशान्येकडील जंगलांत आढळतो. हात वर करणे हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे, कारण कोपराजवळच्या ग्रंथीतील स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. घाबरलेल्या प्राण्याला आपण खुशीत आलेला समजून हसत असतो. पाळण्यासाठी विकताना त्याचे दात तोडले जातात, हे त्या चित्रफितीत दिसत नाही.

घराजवळचे उदाहरण मांडुळाचे. शेपूट बोथट असल्याने तिकडेही तोंड आहे असे वाटते आणि धोका जाणवला की साप खरे डोके वेटोळ्यात लपवून शेपटी पुढे करतो. शत्रूला फसवणारी ही युक्ती खरोखर मजेदार आहे. पण दोन तोंडांच्या याच समजुतीवर गुप्तधनाच्या थापा रचल्या गेल्या आणि त्यापायी मांडुळाची चोरटी विक्री चालते. खवले मांजराचेही तसेच झाले. दात नसलेला, पुढच्या पायांची नखे आत दुमडून चालणारा आणि पिलाला शेपटीच्या बुंध्यावर बसवून हिंडणारा हा प्राणी खवल्यांसाठी मारला जातो.

म्हणून माझी कसोटी एवढीच आहे की, आपण तेथे नसतो तरी प्राण्याने तेच केले असते का? शेणकिड्याने केले असते, तेव्हा खुशाल हसावे. त्याला कोणी काडीने उलटे पाडले असेल, तर ते हसू मला मान्य नाही.

शरयू, डोंबिवली

सर्वांची मनापासून आभारी आहे. वि. दा. यांची कसोटी नणंदबाईंना वाचून दाखवली आणि त्यांनाही ती पटली. ऐरोलीचा बेत पाऊस जरा उघडला की करू. परंतु चिरंजीवांना तोवर दम निघत नाही. आमच्या इमारतीत, फार तर गच्चीवर, पाहता येईल असे काही आहे का?

खाडीकाठ

आहे. कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा जिन्याजवळच्या झाडावर मुंग्यांची ये-जा असेल, तर त्यातली एखादी मुंगी जरा वेगळी वागते का, ते पाहायला सांगावे. मुंग्या ओळीने जात असताना ती एकटीच थांबत-थबकत, मागेपुढे होत चालते आणि पानाला धक्का लागला की धाग्यावरून खाली उतरते. तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी असतो. कोळ्याला आठ पाय आणि मुंगीला सहा. म्हणून हा पुढचे दोन पाय डोक्यासमोर उचलून मिशांसारखे हलवत राहतो, म्हणजे हिशेब जुळतो. त्यातही नराचा जबडा इतका लांब असतो की, एक मुंगी दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून निघाली आहे, असे दिसते. मुंग्यांच्या वाटेला जायला पुष्कळ पक्षी आणि कीटक कचरतात, त्याचा फायदा त्याला मिळतो.

भिंग दहा पट मोठे दाखवणारे घ्यावे. सकाळी ऊन पानांवर आल्यावर बसावे आणि पानाला हात लावू नये. पहिल्या दिवशी नुसत्या मुंग्याच दिसल्या, तर पाय मोजत बसायला सांगावे.