मुलाच्या हातून निरोप पाठवणं थांबवायचंय, मदत हवी आहे

आम्ही दीड वर्षापासून वेगळे राहतो. मी कोथरूडला, मुलाचे बाबा हडपसरला. मुलगा आठ वर्षांचा, शनिवार-रविवार तिकडे असतो. परवा दप्तर भरता भरता म्हणाला, "आई, सहलीच्या पैशांचं बाबांना मीच सांगतो. तू सांगितलंस की भांडण होतं." पोटात अगदी कालवलं.

बाप म्हणून ते चांगले आहेत, पण आम्ही फोनवर बोलायला लागलो की जुनं उकरलं जातं. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, पण आम्ही अजून दावा दाखल केलेला नाही. कोर्टाबाहेर दोघांना समोरासमोर बसवून शाळा, औषधं, सुट्ट्या ठरवून देणाऱ्या समुपदेशकाचा कुणाला अनुभव आहे का? फक्त मुलापुरता वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप किंवा दप्तरातून जाणारी वही कुणी चालवलीय का? त्यात काय लिहायचं नाही, हे दोघांत कसं ठरवलंत?