म्युनिक पद्धतीच्या फिकट लागरसाठी माल्टचे मिश्रण

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमची परवानाधारक छोटी ब्रुअरी आहे आणि हेलेस बिअर (म्युनिकची फिकट लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर) मोठ्या टाकीत घेण्याआधी तिचे 20 लिटरचे प्रायोगिक घाणे काढून पाहायचे आम्ही ठरवले आहे. आंबवण्यापूर्वीच्या रसाचे सुरुवातीचे घनत्व 1.047 च्या आसपास ठेवायचे असून त्यासाठी सुमारे 4.4 किलो माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) लागेल, असा हिशेब आहे. सध्या मनात असलेले मिश्रण म्हणजे फिकट पिल्सनर माल्ट 75 टक्के, त्याहून थोडी गडद व्हिएन्ना माल्ट 10 आणि म्युनिक माल्ट 10, आणि फेसासाठी कॅरापिल्स माल्ट 5 टक्के. पिल्सनर माल्ट जर्मनीहून आलेले घ्यावे की उत्तर भारतातील, हेही ठरत नाही, कारण दरात बराच फरक आहे. पाणी बोअरचे आहे आणि चांगलेच जड आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

धान्यपारखी (सातारा)

आपल्या मिश्रणाची बिअर रंगाने हेलेसच्या मर्यादेत बसेल; अडचण चवीची आहे. 1894 साली म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीने हेलेस आणली, तेव्हा ते शहर गडद बिअर पिणारे होते आणि या नव्या बिअरचे वेगळेपण फिकट माल्टच्या स्वच्छ, हलक्या गोडव्यात होते. व्हिएन्ना आणि म्युनिक मिळून 20 टक्के झाले की भाजक्या पावाची चव पुढे येते आणि तो गोडवा तिच्याखाली दबतो. शिवाय ही दोन्ही माल्ट जवळपास एकच काम करतात, म्हणून व्हिएन्ना पूर्ण वगळावे आणि फिकट प्रतीचे म्युनिक 5 टक्क्यांच्या आत ठेवावे.

कॅरापिल्सही माझ्या मते अनावश्यक आहे. आजच्या माल्टमध्ये फेस धरणारी प्रथिने पुरेशी असतात. मॅश (गरम पाण्यात कालवलेले दळलेले माल्ट) 50 अंशांवर रेंगाळू न देता 63 अंशांवर सुमारे 40 मिनिटे आणि मग 72 अंशांवर अर्धा तास ठेवला, तर फेस चांगला टिकतो.

याचा अर्थ असा की पिल्सनर माल्ट कसे आहे यावरच सगळे अवलंबून राहते, आणि ते पोते न उघडता घेऊ नये. आपल्याकडे बेदाण्याचा सौदा माल हातात घेतल्याशिवाय होत नाही, तसेच इथेही करावे. दाणा दाताखाली धरावा : चांगला दाणा कुरकुरीत मोडतो, आत पांढरा आणि भुसभुशीत असतो, आधी पिठूळ लागतो आणि चावत राहिल्यावर गोड होत जातो. टोकाकडचा भाग कठीण आणि चकचकीत राहिला असेल, तर मोड पुरते आलेले नाहीत. दाणा मोडण्याऐवजी वातड लागला, तर त्याने ओल धरली आहे.

रब्बी_हंगाम (मिरज)

देशी की आयात, याचे उत्तर बार्लीच्या जातीवर आहे. राजस्थान, हरयाणा, पंजाब आणि उत्तर प्रदेशात रब्बीत येणाऱ्या बार्लीत सहा ओळींच्या कणसाच्या जाती पुष्कळ आहेत. तिच्यात विकरे (पिष्टाची साखर करणारी एन्झाइम) भरपूर असल्याने तांदूळ किंवा मका मिसळणाऱ्या मोठ्या कारखान्यांना ती सोयीची पडते; पण प्रथिने आणि टरफल जास्त असल्यामुळे निव्वळ माल्टच्या फिकट बिअरमध्ये गढूळपणा आणि तुरटपणा येण्याची शक्यता वाढते. दोन ओळींच्या बार्लीचे देशी माल्ट मिळत असेल, तर ते जरूर घ्यावे. मात्र विक्रेत्याकडे त्या खेपेचे विश्लेषणपत्रक मागावे आणि प्रथिने 11 टक्क्यांच्या, आर्द्रता 5 टक्क्यांच्या व रंग 4 ईबीसीच्या (रंग मोजण्याचे एकक) आत आहे ना, हे पाहावे. लांबून आलेले जुने माल्ट केवळ जर्मनीचे म्हणून जास्त पैसे देऊन घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

पाणवठा (सांगली)

माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा बोअरच्या पाण्याबद्दलच्या वाक्यात आहे. आपल्याकडील काळ्या जमिनीतील बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, आणि फिकट माल्टमध्ये त्याला उतारा होईल इतकी आम्लता नसते. म्युनिकचे पाणीही कार्बोनेटयुक्त आहे. तेथे आधी गडद बिअर रुजली यामागे हे एक कारण मानले जाते, कारण गडद माल्ट आपली आम्लता स्वतःबरोबर आणते. बोअरच्या पाण्यात उत्तम पिल्सनर माल्ट घातले, तरी मॅशचा पीएच चढाच राहील आणि टरफलाचा तुरटपणा उतरेल.

आरओचे पाणी घ्यावे, त्यात लिटरमागे 50 मिलिग्रॅम कॅल्शियम येईल इतके कॅल्शियम क्लोराइड घालावे आणि मिश्रणात 2 ते 3 टक्के आम्लयुक्त माल्ट ठेवावे. 1516 च्या बव्हेरियन शुद्धता-नियमाच्या परंपरेत बाहेरचे आम्ल घालता येत नाही, म्हणून जर्मन ब्रुअर दुग्धाम्ल असलेले हे माल्ट वापरतात. त्याच्या प्रत्येक टक्क्यामागे पीएच साधारण 0.1 ने उतरतो. नमुना थंड करून मोजावा आणि 5.3 ते 5.4 वर आणावा.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचा आभारी आहे. आता पिल्सनर 4.1 किलो, फिकट म्युनिक 200 ग्रॅम आणि आम्लयुक्त माल्ट 100 ग्रॅम असे धरतो, आणि दोन ओळींच्या देशी माल्टचे पत्रक मागवतो. एवढे पिल्सनर माल्ट असताना मॅशमधून गाळलेल्या रसाला उकळी 60 मिनिटांची पुरेल का?

धान्यपारखी (सातारा)

90 मिनिटे द्यावीत आणि झाकण उघडे ठेवावे. पिल्सनर माल्ट कमी तापमानावर वाळवलेले असल्याने त्यात डायमिथाइल सल्फाइड तयार करणारे द्रव्य जास्त उरते, आणि त्यापासून उकळीत तयार होणारे सल्फाइड वाफेबरोबर निघून गेले नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. उकळी संपताच रस लवकर थंड करावा, कारण गरम राहिला तर तो वास पुन्हा तयार होत राहतो. उरलेले माल्ट पावसाळ्याआधी हवाबंद पिंपात भरून ठेवावे आणि दळणे मात्र त्या-त्या घाण्याच्या दिवशीच करावे.