जर्मनी-इटलीचा बिझनेस व्हिसा : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-४०३ सचिन : नमस्कार मंडळी. एप्रिलात जर्मनीतल्या हॅनोव्हर मेसेला (कारखानदारीची मोठी जत्रा) जायचं ठरतंय. ४ रात्री हॅनोव्हर, २ रात्री लंडन (एक मीटिंग), मग ४ रात्री मिलान, तिथे सप्लायरची फॅक्टरी बघायची आहे. भोसरीचं युनिट प्रोप्रायटरशिपवर आहे. व्हिसा जर्मनीचा काढू की इटलीचा? एजंट म्हणतो, जिथली अपॉइंटमेंट आधी मिळेल तिथला काढू.

ए-७०१ नीलिमाताई : तसं करू नका. जर्मनी, इटली दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. जिथे मुक्काम जास्त किंवा जिथे मुख्य काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन्ही सारखंच असेल तर आधी ज्या देशातून आत शिरणार तो देश. तुमचं ४-४ आहे आणि सुरुवात हॅनोव्हरला, म्हणजे जर्मनी. अर्ज इटलीकडे आणि जत्रेचा पास हॅनोव्हरचा, अशी फाइल गेली की पहिली शंका तिथेच येते.

ए-७०१ नीलिमाताई : त्याहून मोठी अडचण लंडनची. यूके शेंगेनमध्ये नाही, आयर्लंडही नाही. लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. मिलानला उतरताना ती दुसरी एंट्री धरली जाते. फॉर्मवर 'मल्टिपल' टिक करा आणि कव्हरिंग लेटरमध्ये लंडनचं कारण एका ओळीत लिहा. सिंगल एंट्री हातात पडली तर मिलान विसरा.

बी-४०३ सचिन : बाप रे. लंडन शेवटी ठेवलं तर?

ए-७०१ नीलिमाताई : उत्तम. हॅनोव्हर, मिलान, मग लंडनवरून घरी. सिंगल एंट्रीतही बसतं. यूकेचा व्हिसा मात्र वेगळाच काढावा लागेल. शेंगेनच्या अर्जाबरोबर पासपोर्ट आत जातो, तेव्हा दोन्ही अर्ज एका आठवड्यात उरकू असं धरू नका.

डी-१०२ रोहन : स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तरी तिथे शेंगेन व्हिसा चालतो ना?

ए-७०१ नीलिमाताई : चालतो. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड शेंगेनमध्ये आहेत. २०२५पासून रुमानिया, बल्गेरियाही पूर्ण आत आले, एकूण २९ देश.

सी-५०२ परांजपेकाका (सीए) : सचिन, पैशांच्या कागदांचं माझ्याकडून ऐक. प्रोप्रायटर आहेस, तर चालू खातं आणि बचत खातं दोन्हींची स्टेटमेंट लागतील. सहा महिन्यांची काढून ठेव, बँकेच्या शिक्क्यासह. तीन वर्षांचे आयटीआर, जीएसटी प्रमाणपत्र आणि उद्यम नोंदणी जोड. अर्जाच्या आधी आठवडाभर कुणाकडून पाच लाख आणून खात्यात टाकायचे, हा उद्योग करू नकोस. तो आकडा पानावर उठून दिसतो. खरीच मोठी रक्कम आली असेल, एखादी एफडी मोडली असेल, तर त्याची पावती शेजारी लाव.

बी-४०३ सचिन : मिलानवाल्यांकडून इन्व्हिटेशन आलंय काका. 'आमच्या कारखान्याला भेट द्यावी' एवढंच, दोन ओळी.

ए-७०१ नीलिमाताई : ते परत पाठवा. लेटरहेडवर पाहिजे : तुमचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, तुमचा हुद्दा, भेटीचं नेमकं काम (कुठली मशीन, कसली बोलणी), तारीख कधीपासून कधीपर्यंत, राहण्या-खाण्याचा खर्च कोणाचा, आणि खाली सही करणाऱ्याचं नाव, पद, फोन. दूतावासातून फोन गेला तर उचलणाऱ्याला तुमचं नाव ठाऊक हवं.

सी-५०२ परांजपेकाका : खर्चाची ओळ सगळ्यात जास्त नडते. ते लिहितात 'आम्ही करू', आपल्या कव्हरिंग लेटरमध्ये 'आमची फर्म करेल', आणि फॉर्मवर 'स्वतः'. तिन्हीकडे एकच लिही.

बी-२०४ अमृता : मध्येच विचारते. आमच्या कंपनीचा इंजिनिअर स्टुटगार्टला आम्ही पाठवलेली मशीन बसवायला जाणार आहे, दोन आठवडे. त्याचाही बिझनेसच ना?

ए-७०१ नीलिमाताई : नाही अमृता, इथे जपून. बैठक, जत्रा, वाटाघाटी, करारावर सही हे बिझनेस. हातात पाना घेऊन मशीन बसवणं हे काम धरतात. जर्मनीत आपणच पुरवलेली मशीन बसवायला सवलत आहे, १२ महिन्यांत ९० दिवसांपर्यंत, पण त्याची सूचना तिथल्या रोजगार खात्याला आधी द्यावी लागते. त्याची प्रत अर्जाला जोडायची. पत्रात 'मीटिंग' लिहून बॅगेत टूलकिट, हे विमानतळावर पकडलं जातं.

बी-२०४ अमृता : बरं झालं विचारलं. एचआरला कळवते.

बी-४०३ सचिन : अर्ज किती आधी करायचा? आणि फी?

ए-७०१ नीलिमाताई : प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी. निकालाला साधारण १५ दिवस, पण ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. जत्रेच्या हंगामात दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. फी ९० युरो, रुपयांत भरायची, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. नकार आला तरी परत मिळत नाही. बोटांचे ठसे आधीच्या शेंगेन अर्जासाठी मागच्या ५९ महिन्यांत दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत.

डी-१०२ रोहन : इन्शुरन्स कितीचा?

ए-७०१ नीलिमाताई : किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू, आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च धरून. परतीची तारीख हलू शकते, म्हणून पुढचे १५ दिवसही घ्या. तिकीट आत्ता नॉन-रिफंडेबल काढू नका, रिझर्व्हेशन पुरतं. हॉटेलचं बुकिंग मात्र निकाल येईपर्यंत रद्द करू नका, तपासतात.

ए-७०१ नीलिमाताई : व्हिसा हातात आला की स्टिकर लगेच वाचा. उदाहरणार्थ, 'कधीपासून-कधीपर्यंत' २५ दिवसांचं दिसेल आणि 'मुक्कामाचे दिवस' या रकान्यात १० असेल. राहायचं १० दिवसच. वरचे १५ फक्त तारीख मागेपुढे करायला असतात. उतरलेला आणि निघालेला, दोन्ही दिवस मोजतात.

डी-१०२ रोहन : पासपोर्टवर शिक्के मारणं बंद झालं म्हणे?

ए-७०१ नीलिमाताई : हो, ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने. सीमेवर आता फोटो, ठसे घेऊन नोंद कॉम्प्युटरमध्ये होते. जास्त राहिलात तर यंत्र स्वतःच दाखवतं. या नोंदीला रांगेत वेळ जातो, पुढचं विमान तासाभराने असेल तर ते चुकलंच समजा. आणि 'एटियास' नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका, ती व्हिसा न लागणाऱ्यांसाठीची ऑनलाइन प्रवास-परवानगी आहे.

सी-५०२ परांजपेकाका : सारखं जाणाऱ्यांचा फायदाही सांग की.

ए-७०१ नीलिमाताई : हो काका. एप्रिल २०२४पासून भारतीयांसाठी नियम आहे : मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, त्यापुढे पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत तेवढी उरलेली हवी. सचिन, तुमची मुदत कधीपर्यंत?

बी-४०३ सचिन : पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत. परतल्यावर तीन महिने हवेत ना, ते आहेत. हा बघा फोटो टाकतो.

सी-५०२ परांजपेकाका : अरे, पासपोर्टचा फोटो ग्रुपवर नको! काढ आधी. दोनशे लोक आहेत इथे.

बी-४०३ सचिन : काढला. सॉरी.

ए-७०१ नीलिमाताई : कोरी पानं किती आहेत? निदान दोन लागतात.

बी-४०३ सचिन : थांबा, बघतो... एकच आहे ताई.

ए-७०१ नीलिमाताई : मग आधी पासपोर्टच री-इश्यू करा, पानं संपली म्हणून. ६० पानांचा मागा. जुना जपून ठेवा, त्यावरचे व्हिसा फाइलला कामाला येतील. आणि मिलानवाल्यांना पत्र आज दुरुस्त करायला सांगू नका. नवा नंबर आला की त्याच्यासकट एकदाच मागवा.